स्टुटगार्ट आणि म्युलूज: चार दिवसांत गाड्यांची म्युझियम्स, क्रम कसा लावावा?

कमानपाटा:
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी स्टुटगार्टला पोचतोय. रवि, सोम, मंगळ, बुध हातात आहेत, गुरुवारी दुपारपर्यंत झुरिक गाठायचंय. सोबत आई-बाबा आहेत. बाबा टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना इंजिनं आणि ट्रक दोन्ही बघायचेत. आईचे गुडघे दुखतात. यादीत मर्सिडीज, पोर्शे आणि फ्रान्समधलं म्युलूजचं बुगाटीवालं म्युझियम आहे. कुठल्या दिवशी काय ठेवावं? मर्सिडीज आणि पोर्शे एका दिवसात उरकतील का? गाडी भाड्याने घ्यायची नाहीये, सगळं रेल्वेने करायचंय.

चक्रधर:
आधी सोमवारचं बघा, बाकीचं त्याभोवती बसेल. मर्सिडीज आणि पोर्शे ही दोन्ही म्युझियम्स सोमवारी बंद असतात. बरेच लोक हॉटेल बुक करून मोकळे होतात आणि मग दारावर पाटी वाचून परत फिरतात.

रविवार पूर्ण मर्सिडीजला द्या. सकाळी 9 ला उघडतं, संध्याकाळी 6 ला बंद होतं. एस-बानची (उपनगरी रेल्वे) एस1 लाइन पकडून नेकारपार्कला उतरा, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. शेजारीच फुटबॉलचं स्टेडियम आहे, मॅच असली की त्या स्टेशनवर मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून तारीख आधी तपासा. तुमच्या आठवड्यात जवळच्याच मैदानावर कानश्टाटचा फोल्क्सफेस्टही (मोठी जत्रा) चालू असण्याची शक्यता आहे. सकाळी त्रास नाही, पण संध्याकाळी परतताना एस1 तुडुंब भरते. हॉटेलांचे दरही तेव्हा चढलेले असतात.

सोमवारी झिन्सहाइम. तिथलं टेक्निक म्युझियम वर्षाचे 365 दिवस उघडं असतं. जुन्या गाड्या भरपूर, शिवाय छतावर काँकॉर्ड आणि रशियन तुपोलेव्ह 144 ही आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानं शेजारी शेजारी. ही दोन्ही विमानं एकत्र जगात फक्त इथेच दिसतात आणि दोन्हींच्या आत जाता येतं. मात्र वर चढायला जिने आहेत आणि विमानं तिरकी बसवलेली असल्यामुळे आतली जमीनही चढाची आहे. तुमच्या आईंनी खालच्या हॉलमध्येच थांबलेलं बरं. हाइलब्रॉनमार्गे लोकल गाड्यांनी जा आणि 'झिन्सहाइम म्युझियम/अरेना' या स्टेशनवर उतरा, गावाच्या मुख्य स्टेशनवर नको.

त्या दिवसासाठी तिघांचं मिळून एकच बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट काढा. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं आणि आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. ती लिहिली नाहीत तर तपासनीस ते वैध धरत नाही.

मंगळवारी पोर्शे. एस6 ने नॉयव्हिर्ट्सहाउस (पोर्शेप्लात्झ) स्टेशन, बाहेर पडलं की समोरच इमारत. साधारण 80 गाड्या आहेत, दोन-अडीच तास पुरतात.

दोन्ही एका दिवसात? वेळेच्या हिशोबाने होतं, पण करू नका. मर्सिडीजलाच चार तास लागतात, मध्ये गाडी बदलण्यात पाऊण तास जातो, आणि स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनवर बांधकामामुळे बरंच चालावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांनी हे जमण्यासारखं नाही.

पिस्टनरिंग:
चक्रधर यांच्याशी सहमत. सोमवारी झिन्सहाइम लांब वाटलं तर त्याच एस1 वर दुसऱ्या दिशेला बोब्लिंगन आहे. तिथे जुन्या विमानतळाच्या इमारतीत मोटरवर्ल्ड आहे, प्रवेश फुकट. लोकांच्या खासगी जुन्या गाड्या काचेच्या खोल्यांमध्ये एकावर एक रचून ठेवलेल्या असतात, आणि दुरुस्तीची गॅरेजंही तिथेच.

आता मर्सिडीजच्या आतलं. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात आणि तिथून उताराने खाली यायचं असतं, म्हणजे गुडघ्यांना जिन्यांचा त्रास नाही. दोन वाटा एकमेकींभोवती गुंफल्यासारख्या खाली उतरतात. एक इतिहासाची, सात दालनांची, 1886 पासून पुढे. दुसरी पाच दालनांची, तिथे गाड्या कामानुसार मांडल्यात: प्रवासी वाहतूक, मालवाहतूक, अग्निशमन-रुग्णवाहिका असं. जवळपास प्रत्येक मजल्यावर एका वाटेवरून दुसरीवर जाता येतं. बहुतेक लोक नुसती इतिहासाची वाट धरतात आणि मालवाहतुकीचं दालन राहून जातं. तुमच्या बाबांना तिथे आवर्जून न्या. 1954 मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जे ट्रक काढले, त्यांच्या नाकाडावर हाच मर्सिडीजचा तारा होता. त्या पिढीचे बॉनेटवाले ट्रक बघितल्यावर त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

वरच्या मजल्यावर घाई करू नका. कार्ल बेंझची पहिली, तीन चाकी मोटारगाडी मागच्या बाजूने बघा. 954 सीसीचं एकच सिलिंडर, पाऊण अश्वशक्ती, आणि त्याखाली मोठं फ्लायव्हील आडवं, जात्यासारखं बसवलेलं. उभं फिरणारं जड चाक वळणावर स्टिअरिंगला त्रास देईल अशी बेंझला भीती होती, म्हणून त्याने ते आडवं टाकलं. चाकं तीनच, कारण पुढच्या दोन चाकांना नीट वळवणारी रचना तेव्हा त्याला सापडली नव्हती. समोर दिसते ती प्रतिकृती आहे. अस्सल पहिली गाडी 1906 पासून म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमकडे आहे.

खाली आल्यावर 300 एसएल या मर्सिडीजच्या स्पोर्ट्स कारचे पंखासारखे वर उघडणारे दरवाजे दिसतील. ते दिखाव्यासाठी केलेले नाहीत. नळ्यांचा सांगाडा दरवाजाच्या जागी इतका उंच येतो की नेहमीचा दरवाजा बसतच नाही. उंबरठ्याची उंची बघा, लगेच कळेल.

जेवणाचं: माउलताशन नावाचा पदार्थ भाज्यांचा वाटतो, पण सारणात सहसा मांस असतं. शाकाहारी असाल तर केझश्पेट्झले (जाड शेवयांसारखा पदार्थ) मागा. त्यात चीज आणि अंडं असतं.

कमानपाटा:
खूप आभार! रवि-सोम-मंगळ पक्कं झालं. आता बुधवारी स्टुटगार्टहून म्युलूज करून रात्री परत यावं की सामान घेऊनच निघावं?

हँडलवाला:
दोन्ही नको. मंगळवारी पोर्शे आटपून दुपारीच स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जा आणि दोन रात्री तिथे राहा. बुधवारी सामान हॉटेलवर ठेवून म्युलूज करा. बाझल एसबीबी या मुख्य स्टेशनवरून लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते, आणि गुरुवारी झुरिक तासाभरावर राहतं. बाझलमध्ये हॉटेलात उतरणाऱ्यांना शहरातल्या ट्राम-बससाठी कार्ड मोफत मिळतं, ते चेक-इनला मागून घ्या. पासपोर्ट खिशात असू द्या, सीमा ओलांडताय. जर्मन तिकिटं म्युलूजपर्यंत चालतील असं धरून चालू नका, बाझलहून वेगळं तिकीट काढा.

म्युलूज स्टेशनवरून ट्राम 1, थांबा 'म्युझे द लोतो'. हे म्युझियम कापडगिरणीत आहे. गिरणीमालक श्लुम्प्फ बंधू, हान्स आणि फ्रिट्झ, गिरण्यांच्या पैशातून लोकांना कळू न देता गाड्या घेत राहिले. 1964 मध्ये अमेरिकेतल्या एका संग्राहकाच्या 30 बुगाटी एकाच सौद्यात रेल्वेने निघाल्या. मग धंदा बुडाला, भाऊ स्वित्झर्लंडला गेले आणि मार्च 1977 मध्ये पगार थकलेल्या कामगारांनी गिरणीचा ताबा घेतला. आत शेकडो गाड्या रांगेने उभ्या होत्या. सरकारने संग्रह राष्ट्रीय वारसा ठरवला म्हणून तो फुटला नाही, आणि 1982 मध्ये लोकांसाठी खुला झाला. दालनातले शेकडो दिव्यांचे खांब पॅरिसच्या अलेक्झांडर तिसरा पुलावरच्या खांबांची नक्कल आहेत.

रॉयल या बुगाटीच्या अवाढव्य आलिशान गाडीसमोर गर्दी होणारच. 12.7 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, अशा सहाच गाड्या बनल्या आणि त्यातल्या दोन इथे आहेत. तिसरी दिसते ती प्रतिकृती, पाटी वाचा. पण बाबांना आधी टाइप 35 या बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीजवळ न्या आणि पुढचा ॲक्सल दाखवा. एरवी कमानपाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ॲक्सलला यू-बोल्टने बांधतात. इथे ॲक्सलमध्येच चौकोनी भोकं आहेत आणि पाटे त्यांतून आरपार गेलेत. ॲक्सल आतून पोकळ आहे आणि बाहेरून आरशासारखा घासलेला. चाकंही बघा: ओतीव ॲल्युमिनियम, आठ चपट्या आऱ्या, आणि ब्रेकचा ड्रम चाकाच्याच ओतकामात. शर्यतीत चाक बदललं की ड्रमही सोबत बाहेर येतो आणि ब्रेकचे लाइनर उघडे पडतात.

वेळ उरला तर याच गावात रेल्वेचं म्युझियम आहे. मंदीत रॉयल खपेनात तेव्हा बुगाटीने तीच इंजिनं रेल्वेच्या डब्यांत बसवली, तसा एक डबा तिथे आहे. पण दोन्ही म्युझियम्स एका दिवसात आईंना झेपणार नाहीत. म्हणून त्या दोघांपैकी गाड्यांचंच ठेवा.

शटर:
फोटोंबद्दल दोन गोष्टी. मर्सिडीजच्या इतिहासाच्या दालनांत अंधार आणि वरून मारलेले दिवे असतात, तर कामानुसार मांडलेल्या दालनांत खिडक्यांचा उजेड येतो. तिथेच फोटो चांगले निघतात. दिव्यांमुळे पट्टे उमटत असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, तिथली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आहे. फोनची वाइड लेन्स जवळून वापरली की पुढचं चाक फुगून भोपळा होतं. चार पावलं मागे सरून 2x वर घ्या. पोलरायझर फिल्टर रंगावरची आणि काचेवरची चमक कापतो, क्रोमवरची नाही. तिथे स्वतः एक पाऊल बाजूला व्हावं लागतं.