मदत हवी आहे: व्हिएन्नात फक्त एक रविवार

व्हिएन्ना आधी पाहिलेलं आहे, त्यामुळे शोनब्रुन राजवाडा या वेळी नाही. सकाळी हाउप्टबानहोफला (मुख्य रेल्वे स्थानक) उतरून रात्रीच्या गाडीने निघायचं आहे. सोबत ज्येष्ठ मंडळी.

आराखडा असा: बॅगा लॉकरमध्ये, यू-१ मेट्रोने तिसरं स्टेशन स्टेफान्सप्लाट्झ. तिथल्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या टाळून उत्तर मनोऱ्याची लिफ्ट. दहाला कला-इतिहास संग्रहालय उघडताच थेट चित्रकार ब्रॉयगेलच्या दालनात, कारण त्याचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र निवांत बघायचंय. त्यातल्या तळ्यावर घसरणाऱ्या चिमुकल्या आकृत्या गर्दीत दिसतच नाहीत. मग बाहेरच बुर्गरिंगहून ७१ नंबरची ट्राम पकडून झेंट्रालफ्रीडहोफ (मध्यवर्ती दफनभूमी). उतरायचं दुसऱ्या फाटकाशी, नाहीतर पायपीट वाढते. बेथोवेन, शुबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी ३२-अ विभागात. (मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे.)

रविवारी नाशमार्क्ट बाजाराचे स्टॉल आणि बहुतेक दुकानं बंद, म्हणून खरेदी बादच. कागदी तिकिटावर आधी शिक्का मारायचा, हे ठाऊक आहे.

जाणकारांनो, सांगा:
मोठ्या बॅगांचे लॉकर रविवारी सकाळी मिळतात का?
फाटकापासून ३२-अ पर्यंत बसायला बाक आहेत का?
संग्रहालयाजवळ शाकाहारी जेवण कुठे बरं मिळेल?