मदत हवी आहे : क्षेपणास्त्रविरोधी करार दोन मिनिटांत कसा समजवायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या इंदूरच्या गणेशोत्सवात यंदा वादविवादाचा विषय आहे, 'क्षेपणास्त्रविरोधी ढाल शांतता आणते का?' भाची विरोधात बोलणार. १९७२च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाला अशी (शत्रूची क्षेपणास्त्रं वाटेतच पाडणारी) यंत्रणा दोनच ठिकाणी ठेवायची मुभा होती, १९७४नंतर तर एकाच. तिथे बचावाची कमाल १०० क्षेपणास्त्रं. सोव्हिएतांनी मॉस्को राखलं. २००२मध्ये अमेरिका बाहेर पडली. इथवर पाठ झालंय. पण एकाने बचाव वाढवला की दुसरा जास्त अण्वस्त्रं का जमवतो, हे परीक्षक काकांना (फार खोदून विचारतात हो!) कसं पटवायचं? मराठीत सोपं काही वाचायला सुचवाल का? हिंदीही चालेल, इंग्रजी तिला जड जातं.