थायरॉईड बघितलं का आधी?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन-तीन औषधं बदलून झाली तरी भावाचं डिप्रेशन हलत नाही आणि थायरॉईड कधी तपासलंच नाही, मग आधी तेच करा. आमच्या आईचं इथे इंदूरला असंच झालं, वर्षभर गोळ्या चालू तरी दिवसभर पडून, मे महिन्यात शाल, आम्ही म्हणायचो वय झालं, आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड मंदावलं की हा आकडा वाढतो) निघाला 38, म्हणजे खूपच जास्त! सोबत फ्री टी4 नि अँटी-टीपीओ या थायरॉईडच्याच रक्ततपासण्या पण करा. लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) चालू असेल तर नक्कीच, त्याने थायरॉईड मंदावू शकतं. पण टीएसएच 5-6 च, म्हणजे जरासाच जास्त आला तर सगळं त्याच्यावर ढकलू नका हं. थायरॉईडची गोळी सुरू झाली तर ती रिकाम्या पोटी, अर्धा-एक तास काही खायचं नाही, इंदूरात पोह्यांना तेवढं थांबवणं म्हणजे कठीणच :) सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट. आईच्या डिप्रेशनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी तेव्हा बंद केल्या नव्हत्या.