टेक्निकल सर्व्हिसेसला मराठीत काय म्हणायचं? आणि त्याचं मूल्यमापन की मूल्यांकन?

धागाकर्ती :
नेरूळला एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) तयारीत आमचा अहवाल मराठीतही हवाय म्हणे, म्हणून मी 'टेक्निकल सर्व्हिसेस'चं सरळ 'तांत्रिक सेवा' केलं तर वरून विचारणा, एसी आणि प्रिंटर मेंटेनन्सवाले बघतात ना, मग तुमची ही कुठली सेवा? आमच्या शिपाईमामांनी तर 'तांत्रिक' वाचून विचारलं, मॅडम लिंबू-मिरची पण आणू का.
आमच्यात टेक्निकल म्हणजे पुस्तकाच्या ऑर्डरपासून ते रॅकवर जाईपर्यंतचं सगळं, दाखल नोंद, शिक्का, वर्गांक, कॅटलॉगिंग, लेबल, फाटलं तर बाइंडिंग, आणि यातलं पोरांना काहीच दिसत नाही. बोलताना आम्ही 'ते अजून टेक्निकलला आहे' म्हणून मोकळे होतो. लिहायचं काय पण? आणि कॅटलॉगिंगला सूचीकरण की तालिकीकरण?

निवृत्त ग्रंथपाल :
तालिकीकरण. सूची वेगळी, तालिका वेगळी. सूचीवरून कळतं की असं पुस्तक निघालंय, तालिकेवरून कळतं की ते आपल्याकडे आहे आणि कुठल्या कपाटात आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची केली ती ग्रंथसूची, ती कुठल्या एका लायब्ररीची नाही. हिंदीत सूचीकरण, प्रसूचीकरण चालतं, तिथून आपल्याकडे घोळ आलाय असं माझं मत. 'तांत्रिक सेवा' ऐवजी 'ग्रंथप्रक्रिया' लिहा, निदान एसीचा विषय तरी निघणार नाही.

एक ठाणेकर :
नॅकमुळे 'मूल्यांकन' रुळलाय. पण शाळेत मूल्यमापन म्हणतो तेच इथे बरं वाटतं, कारण अंकन म्हणजे शेवटी ग्रेड चिकटवणं आणि मापन म्हणजे आधी मोजून बघणं. तुम्ही नक्की काय मोजता?

धागाकर्ती :
तेच तर दुखणं आहे. फॉर्ममध्ये रकाना एकच, वर्षात किती नोंदी केल्या. नोंद सापडते का हे कुणी विचारत नाही. परवा एका मुलीने कोहात (आमचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर) 'वाऱ्या' टाकून शोधलं, निकाल शून्य, आणि पुस्तक समोर ८९१.४६१ या वर्गांकाला, मराठी कवितेत, निवांत उभं. नंतर लक्षात आलं की हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सेम, पण आमच्या सिस्टीमला दोन वेगळे शब्द. रोमनमध्ये तर आणखी मजा, बाहेरून ओढून घेतलेल्या रेकॉर्डमध्ये 'व'ला व्ही असतो आणि माझ्या आधीच्यांनी हाताने भरताना डब्ल्यू टाकलाय, त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तकं दोन नावांखाली. नोंदी शंभर टक्के पूर्ण, रिपोर्ट एकदम चकाचक!

एक ठाणेकर :
म्हणजे तुमचं अंकन झालंय, मापन व्हायचंय :)

निवृत्त ग्रंथपाल :
ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच सूत्रांतलं (१९३१) चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं आहे, मोजायचं ते त्यावर मोजा. आमच्या वेळी तालिका म्हणजे ड्रॉवरमधली कार्डं होती तेव्हा मी दर महिन्याला वीस कार्डं घेऊन रॅकवर जायचो, पुस्तक जागेवर आहे का बघायला, मग रॅकवरची वीस पुस्तकं घेऊन त्यांची कार्डं ड्रॉवरमध्ये आहेत का ते बघायचो, दुसऱ्या फेरीत जास्त चुका निघायच्या. तुम्ही वीस शब्द ऱ्य, ऱ्ह वाले घ्या, दोन्ही तऱ्हेने टाइप करून शोधा आणि किती हुकले तो आकडा अहवालात टाका.
'तऱ्हेने' पण त्यातच येतो, आत्ता टाइप करताना लक्षात आलं.