शासकीय आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर उद्योजकाला कितपत काम करता येतं?

प्रश्न: माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. तालुक्याच्या शासकीय आयटीआयच्या व्यवस्थापन समितीसाठी माझं नाव सुचवलंय. जायचं तर मनापासून काम करायचं आहे. पण तिथे आपल्याला अधिकार किती असतात?

उत्तर: मी अशा समितीवर होतो. तुमची संस्था केंद्राच्या २००७-०८ च्या, उद्योगांना भागीदार करून घेणाऱ्या योजनेतल्या १,३९६ आयटीआयपैकी असेल, तर समिती म्हणजे नोंदणीकृत सोसायटी. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा, प्राचार्य सदस्य सचिव. अडीच कोटींपर्यंतचं बिनव्याजी कर्ज समितीच्याच नावावर असतं, म्हणून आधी परतफेडीचा हिशेब बघा. सरकारी निदेशकांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, बदल्या मात्र तुमच्या हातात नाहीत.

खरेदीच्या यादीत वेल्डिंग मशीन दिसेलच. इलेक्ट्रोड (वेल्डिंगचे रॉड) आणि सरावाच्या प्लेटा किती आल्या ते विचारा. रॉड वाचवायचे म्हणून चार पोरं बघतात आणि एकच वेल्ड मारतो, हे मला फार लागायचं. कागदावर ते दिसत नाही, वर्कशॉपमध्ये जाऊन उभं राहावं लागतं.

दुसरं उत्तर: सहमत. विद्यार्थी प्रतिनिधीही समितीचा सदस्य असतो. प्राचार्यांसमोर पोरं गप्प बसतात, त्याला आवर्जून बोलतं करा.

प्रश्नकर्ता: आभार. सोमवारी प्राचार्यांकडे ताळेबंद आणि कच्च्या मालाचं स्टॉक रजिस्टर दोन्ही मागतो.