अनुभव धागा: गिझरची देखभाल घरच्या घरी – हात कुठवर घालायचा?

वीज, पाणी, दाब आणि उष्णता या चारही गोष्टी एकाच डब्यात कोंडलेल्या असतात आणि आपण रोज त्याच्याखाली निवांत उभे राहून अंघोळ करतो. तरी घरात सगळ्यात कमी लक्ष जातं ते गिझरकडेच. पाणी गरम येतंय ना, मग झालं!

या धाग्यात तुम्ही गिझरचं कोणतं काम स्वतः करता, कोणतं मुद्दाम करत नाही आणि का, ते लिहा. टाकीचा, इन्स्टंट, गॅसचा, सौर, कोणताही चालेल. कंपन्यांची नावं नकोत, त्यावरून भांडणं होतात.

सुरुवात मी करते. टाकी धुण्याचं काम मी दरवर्षी करते. त्यासाठी गिझर उघडावा लागत नाही. आदल्या रात्रीच एमसीबी (बोर्डावरचा, जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडून ठेवते, म्हणजे सकाळपर्यंत पाणी बऱ्यापैकी निवतं. मग थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा. एवढ्याने टाकी रिकामी होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून उचललं जातं, त्यामुळे नवं पाणी आत आल्याशिवाय जुनं बाहेर पडत नाही. नळ उघडा ठेवायचा तो हवा आत जाण्यासाठी. पाणी काढायचं ते खालच्या ड्रेनच्या बुचातून किंवा सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून. तळाचं पाणी आधी गढूळ येतं, मागोमाग पांढऱ्या खपल्या येतात. थंड पाण्याचा कॉक दोन-तीनदा उघडून-मिटून टाकी खळखळून घेतली की काम झालं.

परत भरताना मात्र घाई नको. गरम नळातून फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत वीज चालू करायची नाही. कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.

*

भाड्याच्या घरात राहायला आलो तेव्हा गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला चक्क बूच मारलेलं होतं. आधीच्या कुणाला तरी खालच्या फरशीवर पडणारे थेंब आवडत नसावेत. घरमालक म्हणाले, "व्हॉल्व्ह गळत होता, बंद करून टाकलाय." वाक्य साधं होतं, पण ऐकून पोटात गोळा आला.

थेंब पडतात याचं कारण अगदी सरळ आहे. 20 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्क्याने फुगतं. म्हणजे 25 लिटरच्या टाकीत 400 मिलिलिटरच्या आसपास पाणी जास्तीचं होतं. नळ बंद असतात, मागे जायची वाट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने अडवलेली असते. मग ते जाणार कुठे? सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणार. पाणी तापताना थेंब पडणं म्हणजे व्हॉल्व्ह जागा असल्याची खूण. बूच मारलं, त्यात ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी फारच तापलं तर वीज तोडणाऱ्या कटआऊटनेही दगा दिला, तर बंद टाकीतलं पाणी 100 अंशांच्या पुढे जाऊनही दाबामुळे उकळत नाही. टाकी फाटली की ते सगळं एका झटक्यात वाफ होऊ बघतं. गिझर फुटतात ते असे.

मी तो व्हॉल्व्ह प्लंबरकडून नवा बसवून घेतला आणि त्याच्या तोंडाला उताराची नळी जोडून ती मोरीपर्यंत सोडली. नळीचं टोक उघडंच ठेवायचं, तिला कॉक लावायचा नाही. फरशी कोरडी, व्हॉल्व्ह मोकळा.

थेंब बघून काय ओळखायचं, तेही लिहितो. फक्त तापताना थेंब पडत असतील तर ठीक. गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा पुरवठ्याचा दाब जास्त आहे. दुसऱ्या बाबतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागतो. आणि तोंडातून वाफ किंवा उकळतं पाणी येत असेल तर गिझरजवळ जाऊ नका. मेन स्विच लांबूनच बंद करा आणि माणूस बोलवा.

*

वरच्या प्रतिसादात पुरवणी. व्हॉल्व्हची दांडी दर काही महिन्यांनी उचलून सोडावी, नाहीतर क्षारांनी ती जागीच बसते. पण बरीच वर्षं न हललेली दांडी उचलली तर ती पुन्हा नीट बसेलच असं नाही, मग गळती सुरू राहते. जुना गिझर असेल तर बदली व्हॉल्व्ह आणून ठेवल्यावरच हात लावा. आणि तोंड खाली असलं तरी पाणी गरम असतं, पाय बाजूला.

*

आयुष्यभर वायरमनचं काम केलं, आता निवृत्त आहे. इथे लोक "स्विच बंद केला आणि उघडलं" असं सहज लिहितात म्हणून लिहितो.

भिंतीवरचं बटण बंद म्हणजे वीज बंद, असं समजू नका. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलमध्ये (परतीची तार) घातलं असेल तर गिझर बंद दिसतो, पण कॉइलपर्यंत फेज उभाच असतो. अशी घरं मी पुष्कळ पाहिली. म्हणून एमसीबी पाडा, प्लग असेल तर तो काढा आणि तरीही टर्मिनलवर टेस्टर लावून बघा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्यायचा, कारण बिघडलेला टेस्टर सगळीकडे "वीज नाही" असंच सांगतो.

दुसरं, एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. 2 किलोवॉटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, त्यासाठी 16 अँपिअरचा एमसीबी असतो. माणसाचा जीव जायला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच हवा. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबावं. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे.

कॉइल तपासायची असेल तर वीज तोडून, वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. 2 किलोवॉटच्या कॉइलचा रोध साधारण 26 ओहम यायला हवा. कॉइल आणि टाकीचं धातूचं अंग यांच्यामध्ये मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइलचं कवच फुटलंय, ती बदलायचीच. ज्यांना हे वाचून मीटर कसा धरायचा असा प्रश्न पडला, त्यांनी झाकण उघडू नये. राग मानू नका.

*

आमच्याकडे शॉवरचा नळ धरला की बोटांना हलक्या मुंग्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. चालेल ना?

*

नाही! आत्ता गिझरचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो वापरू नका. चप्पल हा उपाय नव्हे. कुठेतरी विजेची गळती आहे आणि अर्थिंग तुटलेलं किंवा नसलेलं आहे, दोन्ही एकदम. पूर्वी लोखंडी पाइपांमधून थोडंफार तरी जमिनीत जायचं. आता पाइप प्लास्टिकचे, त्यामुळे गळलेली वीज पाण्यातून आणि तुमच्यातूनच वाट काढते. – वरचाच वायरमन

*

आमचं पाणी बोअरचं, प्रचंड जड. गिझरमधून तापताना कटकट, गुरगुर असे आवाज यायचे. कॉइलवर चुन्याचा थर बसला की त्याखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिचा तो आवाज. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं मात्र उलटं: पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार बाहेर पडतात. थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला ठेवणाऱ्यांची कॉइल लवकर का जाते ते यात आलं.

काढलेली कॉइल मी सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवते, जोडाची टोकं वर कोरडी ठेवून. फेस थांबला की थर मऊ पडलेला असतो, प्लास्टिकच्या घासणीने निघतो. व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो. संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते तांब्याच्या कॉइलला खातं आणि चुकून ब्लीचजवळ गेलं तर विषारी क्लोरिन सुटतो. टाकीच्या आत पत्र्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडणंही नको, आतला काचेचा लेप उडाला की गंज तिथूनच धरतो.

कॉइल उघडलीच आहे तर ॲनोड रॉड बघून घ्या. हा मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजतो आणि टाकीचं पोलाद वाचवतो. झिजून मधली तार दिसायला लागली की बदला. मला तर वाटतं, गिझरमधला हाच सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात विसरलेला भाग आहे. बसवताना गॅस्केट (जोडातली रबरी चकती) नवंच घाला आणि नट एकेक करून पूर्ण आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या.

*

गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि थंड पाण्याला येत नसेल तर तेही ॲनोडचंच प्रकरण असू शकतं. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मॅग्नेशियमच्या संगतीने हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. आमच्याकडे ॲनोड ॲल्युमिनियम-झिंकचा घातल्यावर वास गेला. ॲनोड काढूनच टाका असा सल्ला मिळाला होता, तो मानला नाही.

*

मी काहीही करत नाही. वर्षातून एकदा मेकॅनिक येतो, मी टॉर्च धरतो.

*

तापमान किती ठेवता? बिल वाचवायला 45 वर ठेवा असं ऐकते, पण टाकीच्या गिझरला ते मला पटत नाही. लिजिओनेला नावाचे जिवाणू 20 ते 45 अंशांच्या पाण्यात सुखाने वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात. 60 अंशांना ते मरतात. अडचण अशी, की 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, आणि आमच्याकडे सासूबाई थकलेल्या, लेक लहान. त्यामुळे टाकीत 60 ठेवून नळाजवळ थर्मोस्टॅटिक मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळून ठरावीक तापमानाचं देणारा) बसवून घेतला. बादलीने अंघोळ करणाऱ्यांनी आधी थंड पाणी घ्यावं, मग गरम. लहान मूल मध्येच हात घालतंच.

*

गॅस गिझरवाल्यांसाठी. यात घरी करण्यासारखं थोडंच आहे: बॅटरी बदलणं, पाणी आत येतं तिथली जाळी धुणं, नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं. काडी पेटवून गळती बघायची नाही. बर्नर आणि गॅसच्या व्हॉल्व्हला मी हात लावत नाही. ज्योत निळी नसून पिवळी, लवलवती दिसली की गिझर बंद आणि तंत्रज्ञाला फोन.

खरा धोका गॅस गळण्याचा नाही, तो तर वासाने कळतो. बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढण्याचीही ताकद उरत नाही. ओळखीच्या घरात एक मुलगी अशीच आत पडली. नळ बराच वेळ वाहतोय हे आईच्या लक्षात आलं म्हणून दार तोडलं, ती वाचली. त्या घराने गिझर बाथरूमबाहेर उघड्या हवेत हलवला. आत ठेवून खिडकी उघडी ठेवू म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कडाक्याच्या थंडीत ठेवाल? एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका. हवा आत यायला जागा नसेल तर तो धुराड्यातून जाणारा वायूच उलटा खोलीत ओढू शकतो.

*

सौर, काचेच्या नळ्यांचा. नळ्या धुवायच्या त्या सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. रिकाम्या नळ्या उन्हात तापल्या असताना थंड पाणी सोडलं तर तडकतात. टाकीवरचा हवेचा उभा पाइप चोंदलेला नाही ना, एवढं बघत जा. त्यात पक्षी काड्या भरतात.

*

कटआऊट उडाला तर काय करायचं आणि टाकीच झिरपत असेल तर ती सांधता येते का, या दोन प्रश्नांची उत्तरं एकदम देतो. कटआऊटचं लाल बटण एकदा दाबून गिझर चालू झाला तर ठीक. पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाहीये, बटण दाबत बसू नका आणि कटआऊटला वळसा घालून वायर तर मुळीच जोडू नका. आणि टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपत असेल, जोडांतून नव्हे, तर कोणताही लेप टिकत नाही, गिझर बदलायचा. आम्ही जुना उतरवताना वीज तोडून, पाणी काढून, दोघांनी धरून उतरवला. तळात ओला गाळ साचलेला असतो, त्यामुळे रिकामा म्हटलेला गिझरही स्टुलावर उभ्या माणसाला एकट्याने पेलत नाही.