मदत हवी आहे: छोटा गेम थेट स्टीमवर आणावा का?

आम्ही दोघांनी मिळून केलेला कोड्यांचा गेम जवळजवळ तयार आहे. तो थेट स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान) आणावा की आधी इच डॉट आयओवर (स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमची साइट), यावर आमचं एकमत होत नाहीये.

स्टीमच्या १०० डॉलरच्या फीची चिंता नाही. कमाई १००० डॉलरपर्यंत गेली की ती परत मिळते. विक्रीतला स्टीमचा ३० टक्के वाटाही पटतो, कारण खेळणारे तिथेच आहेत. इचवर साइटला किती वाटा द्यायचा ते आपण ठरवायचं, पण गर्दी फारच कमी.

खरी धास्ती रिफंडची आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल, तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. आमचा गेम दीड तासात संपतो! म्हणजे आवडीने शेवटपर्यंत खेळलेला माणूसही पैसे परत घेऊ शकतो. केवळ त्यासाठी गेम ताणायची माझी अजिबात तयारी नाही, कोड्यांची लयच बिघडेल.

असे छोटे गेम काढलेल्यांनी कृपया सांगा, रिफंड प्रत्यक्षात किती येतात? आणि नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा उत्सव) एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तर डेमो तोवर राखून ठेवावा की आधी इचवर लोकांच्या हाती देऊन पाहावा?